गाण्याचा पोशिंदा : कबिनीकाठ ते ग्लास्टनबरी

आज आपण म्हैसूरकडे निघालो आहोत, पण राजवाडा, दसरा आणि म्हैसूरपाक या नेहमीच्या वाटेने नाही. आधी नकाशावर सरगूर शोधा. म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येला, केरळच्या दिशेने, कबिनी नदीच्या काठी हे गाव आहे. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. नागरहोळे आणि बंडीपूरची जंगलं इथून लांब नाहीत. कबिनी वायनाडच्या डोंगरांतून येते, सरगूर आणि नंजनगूडवरून पुढे जाते आणि तिरुमकूडलु नरसीपूरला कावेरीला मिळते.

आजची गोष्ट दोन बँडची आहे. एक ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’ आणि दुसरा ‘स्वरात्मा’. दोन्हींचे मुख्य गायक सख्खे भाऊ, रघु आणि वासू दीक्षित. दोघे म्हैसूरचे, आणि दोघांचीही कारकीर्द उभी राहिली बंगळूरूत. तुम्ही म्हणाल, मग सरगूरपासून सुरुवात कशासाठी? त्याचं कारण असं की या बँडना आपण ‘इंडी’ म्हणतो, म्हणजे स्वतंत्र. चित्रपटाच्या निर्मात्यावर किंवा मोठ्या कंपनीवर न विसंबणारे. पण गाणाऱ्याच्या घरात चूल पेटायची तर कुणीतरी पोशिंदा लागतोच. तो कोण होता, कधी बदलला आणि बदलताना गाण्यावर काय खूण ठेवून गेला, हा आजचा प्रश्न आहे. आणि त्याचं सर्वांत जुनं उत्तर याच कबिनी-कावेरीच्या पट्ट्यात मिळतं.

भिक्षेची झोळी

म्हैसूर, मंड्या, चामराजनगर या भागात दोन मोठी लोकमहाकाव्यं गायली जातात. एक मंटेस्वामींचं, दुसरं मले महादेश्वराचं. मंटेस्वामींची कथा गाणारे ते नीलगार. हातात तंबुरी, साथीला घुंगरांची आणि छोट्या डक्कीची लय, आणि रात्रभर चालणारी कथा. या कथेत मंटेस्वामी अगदी ओंगळ, टाकून दिलेल्या माणसाच्या रूपात बसवण्णांच्या कल्याण नगरीत येतात आणि तिथल्या भक्तांच्या भक्तीची परीक्षा घेतात. जातीच्या उतरंडीला खालून विचारलेला प्रश्न आहे तो.

महादेश्वराची गाणी गाणारे ‘देवर गुड्डरु’. त्यांच्या हातात कंसाळे असतं. कांस्य या शब्दातूनच ते नाव आलं. एका हातात वाटीसारखी कांशाची झांज, दुसऱ्या हातात दोरीला बांधलेली चपटी झांज, ती फिरवत, उडवत, नाचत वाजवायची. यात हालुमत कुरुब समाजातले लोक बरेच. आपल्याकडच्या धनगरांचे हे भाऊबंदच म्हणा. आपण ज्या नजरेने खंडोबाचे वाघ्ये किंवा देवीचे गोंधळी पाहतो, त्याच नजरेने यांच्याकडे पाहिलं तर सगळं चटकन ओळखीचं वाटेल.

यांचा पोशिंदा कोण? गाव. दीक्षा घेतलेला गायक दारोदार भिक्षा मागतो, आणि ती भिक्षा म्हणजे लाचारी नव्हे, व्रताचा भाग असतो. आपल्याकडचा जोगवा तसाच. लोक सुपातून धान्य घालतात आणि त्या बदल्यात गायक वर्षभर त्यांच्या देवाची आठवण जागती ठेवतो. गाण्याला किंमत नव्हती, मान होता. आणि गाणं अमक्याचं आहे असं कुणी म्हणत नसे, कारण ते देवाचं आणि गावाचं होतं.

हा करार नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं आहे.

महाराजांचा चेक लंडनला

‘वर्ल्ड म्युझिक’ आणि म्हैसूर यांची गाठ एकविसाव्या शतकात पडली असं वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराज वाडियार १९४० साली गादीवर आले. कर्नाटक संगीतातले ते स्वतः रचनाकार, आणि पाश्चात्त्य संगीताचेही तितकेच दर्दी. निकोलाय मेटनर नावाचे रशियन संगीतकार लंडनमध्ये उतारवयात हलाखीत राहत होते. महाराजांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून पैसा दिला. मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदालाही महाराजांचा आधार मिळाला.

म्हणजे बघा, एका रशियन माणसाचं लंडनमधलं संगीत म्हैसूरच्या तिजोरीवर तगलं. ती तिजोरी भरत होती कुठून? राज्यातल्या शेतसाऱ्यातून, कबिनीकाठच्या भातशेतीतूनही. दरबारातल्या विद्वानांना बिदागी होती, वाद्यवृंदाला पगार होता. आणि त्याच राज्यातला नीलगार झोळी घेऊन फिरत होता. राजाश्रय होता, पण त्याचं दार ठरावीक गाण्यांनाच उघडत होतं.

शरीफ, कॅसेट आणि पडदा

आता थोडं उत्तरेला, आपल्या ओळखीच्या मुलखात येऊ. संत शिशुनाळ शरीफ यांचा जन्म १८१९चा, पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्या वर्षीचा. शिशुनाळ आज हावेरी जिल्ह्यात आहे. त्या काळी हा धारवाडचा मुलूख, आणि धारवाड मुंबई इलाख्यात. तेव्हा राज्यकारभाराच्या हिशेबाने शरीफ आपल्याच इलाख्यातले. मुसलमान घरात जन्म, गुरू गोविंद भट्ट ब्राह्मण. गुरुशिष्यांनी दोन्हीकडच्या कर्मठांचा रोष पत्करला आणि तरीही नातं सोडलं नाही. शरीफांची पदं रोजच्या वस्तूंतून परमार्थ सांगतात. गळकं छप्पर, पाणवठा, हातमाग, गुडगुडी. हो, तीच आपली तंबाखू ओढायची गुडगुडी. शब्दसुद्धा तोच.

१८८९ साली शरीफ गेले. त्यांची पदं तोंडोतोंडी राहिली. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि मुंबई राज्यातला धारवाड व जुना म्हैसूर एका राज्यात आले. तरी धारवाडकडचं गाणं म्हैसूरच्या घराघरांत पोचायला आणखी काही काळ गेला. ते काम केलं सी. अश्वत्थ यांनी. महाराष्ट्रात शाहीर साबळ्यांनी लोकगीतं शहरी मंचावर आणली, तसंच काहीसं अश्वत्थ यांनी कन्नड भावगीतांबरोबर शरीफांच्या पदांचं केलं. १९९० साली टी. एस. नागाभरण यांनी शरीफांवर चित्रपट काढला. संगीत अश्वत्थ यांचं, आणि गोविंद भट्टांच्या भूमिकेत माथेरानला जन्मलेले आपले गिरीश कार्नाड.

इथे पोशिंदा बदलला. कॅसेट विकत घेणारा आणि तिकीट काढणारा मध्यमवर्ग आला. गाणं तीन-चार मिनिटांत बसू लागलं, त्याला वाद्यमेळ आला, आणि पहिल्यांदाच लोकपदाखाली ‘संगीत : अमुक’ असं नाव छापून आलं. त्यात अश्वत्थ यांचं कष्टाचं मोल आहेच, त्यांच्याविना ही पदं इतकी पसरलीच नसती. पण नाव लावण्याची रीत इथून रुळली, ती ध्यानात ठेवा.

नाशिकला जन्म, म्हैसूरला घर

रघु दीक्षित यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४चा, आणि तो झाला आपल्या नाशिकला. दीक्षित आडनाव आणि नाशिक ऐकून आपल्याला वाटेल, अरे, हा आपलाच! पण घर तमिळ बोलणारं, आणि वाढले ते म्हैसूरला. भरतनाट्यम शिकले. म्हैसूर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, सुवर्णपदक मिळवलं. गिटार हातात आली ती मित्राशी लागलेल्या पैजेतून, आणि मग काही सुटली नाही.

सुरुवातीच्या बँडचं नाव होतं ‘अंतराग्नी’. मधल्या काळात बेल्जियममध्ये औषध कंपनीत नोकरीही केली. पुढे नोकरी सोडली आणि बंगळूरूत गाण्यावरच जगायचं ठरवलं. ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’ असं नाव ठेवलं, कारण बँडचे सदस्य पक्के नव्हते. जो जमेल तो वाजवेल, असं मोकळं दार. बेसवर गौरव वाझ मात्र दीर्घ काळ राहिले.

मोकळं दार ऐकायला छान वाटतं, पण त्यामागे व्यवहार होता. पाच-सहा वादकांना महिना पगार द्यायचा कुठून? राजाकडे वाद्यवृंद असतो, चित्रपटाच्या स्टुडिओकडे वादक असतात. एकट्या गायकाकडे कार्यक्रमापुरती माणसं असतात.

गाणी तयार होती, घेणारं कुणी नव्हतं. कारण काय? चित्रपटगीत नाही, शास्त्रीय नाही, भक्तिगीतांच्या कप्प्यात बसत नाही, आणि एकाच अल्बममध्ये कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा. दुकानदाराने ही तबकडी ठेवायची कुठल्या फळीवर? अनेक वर्षं कंपन्यांची दारं ठोठावल्यावर मुंबईत विशाल दादलानी आणि शेखर रावजियानी या संगीतकार जोडीने ती गाणी ऐकली आणि आपल्या ‘काउंटर कल्चर रेकॉर्ड्स’ या लेबलवरून २००८ साली अल्बम काढला. त्यात शरीफांचं गुडगुडीचं पदही होतं.

यातली गंमत बघा. चित्रपटाच्या बाहेरचं संगीत बाजारात आलं ते चित्रपटसंगीतात कमावलेल्या माणसांच्या खिशातून.

लंडनची फळी

घरी फळी मिळत नव्हती, ती परदेशात तयार होती. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द अभ्यासकांत आधीपासून होता, पण दुकानातला कप्पा म्हणून तो ठरला २९ जून १९८७ रोजी, लंडनच्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये. काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं तिथे जमली होती. माली, बल्गेरिया, पाकिस्तान, झिंबाब्वे इथलं संगीत विकायला तयार होतं, पण गिऱ्हाइकाला ते सापडत नव्हतं, कारण दुकानात ते कुठे ठेवायचं हेच ठरलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून एक नाव निवडलं, वर्गणी काढली आणि दुकानांसाठी पाट्या छापल्या. ‘वर्ल्ड म्युझिक’ ही अशी मुळात दुकानातली पाटी आहे. संगीताच्या अंगाने त्याला कसलीच एकवाक्यता नाही.

रघु दीक्षित याच फळीवर पोचले. २०१० साली बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात ते गायले आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये आयट्यून्सच्या वर्ल्ड म्युझिक यादीत त्यांचा अल्बम अव्वल ठरला. २०११ साली ते ग्लास्टनबरी महोत्सवात गायले, आणि त्याच वर्षी ‘साँगलाइन्स’ मासिकाचा नवोदित कलाकाराचा पुरस्कार त्यांना मिळाला. रंगीत लुंगी, पायात घुंगरू, हातात गिटार हे रूप तिथे लोकांच्या डोळ्यांत भरलं.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. या पोशिंद्याने काय दिलं? पैसा दिला, मान दिला, आणि भारतात परतल्यावर दारं उघडून दिली. काय मागितलं? दिसायला वेगळं असावं, हे मागितलं. म्हैसूरच्या बाजारात लुंगीकडे कुणी वळून बघत नाही. ग्लास्टनबरीच्या मंचावर तीच लुंगी माणसाची ओळख होते. जे घरी रोजचं होतं, ते तिथे निशाण झालं. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. पंढरीच्या वाटेवरची पताका परदेशातल्या मिरवणुकीत नेली तर ती पताकाच राहते, पण बघणारा तिच्याकडे दुसऱ्या डोळ्यांनी बघतो.

पाटीवरही पुढे वाद झाले. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये झालं ते नुसतं ‘म्युझिक’, आणि उरलेल्या जगाचं ते ‘वर्ल्ड म्युझिक’, हा कुठला न्याय? अखेर २०२० साली ग्रॅमी पुरस्कारवाल्यांनी त्या विभागाचं नाव बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केलं. पाटी बदलली, फळी तीच राहिली.

घोडी आणि तहानलेली नदी

धाकटे भाऊ वासू यांचा ‘स्वरात्मा’ जरा वेगळ्या वाटेने वर आला. २००६ साली रेडिओ सिटीने घेतलेली बँडची देशव्यापी स्पर्धा त्यांनी जिंकली. २००९ साली पहिला अल्बम आला, बँडच्याच नावाचा. व्हायोलिन, गिटार, ड्रम आणि भारतीय तालवाद्यं एकत्र, गाणी हिंदी आणि कन्नड. वासू कधी कमरेला नकली घोडी बांधून मंचावर येत. आपल्या जत्रांत, वरातींत नाचणारी घोडी आठवा, तीच. त्याच वर्षी ब्रिटिश कौन्सिलच्या ‘साउंडपॅड’ या उपक्रमात त्यांची निवड झाली. त्यात रेडिओहेड या बँडचा ‘द बेंड्स’ करणारे निर्माते जॉन लेकी यांनी भारतातल्या चार बँडचं ध्वनिमुद्रण केलं. २०१२ साली ‘टोपीवाले’ आणि २०१८ साली ‘राह-ए-फकिरा’ असे पुढचे अल्बम आले.

पोशिंद्यांची यादी बघा. एक रेडिओ कंपनी, एक परदेशी सरकारची सांस्कृतिक संस्था. २०११ साली शुभा मुद्गल यांच्याबरोबर ‘स्वरात्मा’ने गाणं केलं ते ‘द ड्युअरिस्ट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी. ती मालिका एका व्हिस्कीच्या नावाने चालत होती. २०१० साली पुण्यात सुरू झालेला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा इंडी संगीताचा मोठा महोत्सव एका रम कंपनीच्या नावाने ओळखला गेला. दारूची जाहिरात उघड करता येत नाही, म्हणून तिचा पैसा संगीताच्या वाटेने आला आणि एका पिढीचे बँड त्यावर वाढले. देवाच्या नावाने मिळणारी भिक्षा आणि बाटलीच्या नावाने मिळणारं मानधन, दोन्ही पोशिंदेच. पण एक गायकाला वर्षानुवर्षं ओळखतो, दुसरा पुढच्या हंगामाच्या जाहिरातीपुरता.

आता पुन्हा कबिनीवर येऊ. ‘स्वरात्मा’च्या पहिल्या अल्बममध्ये ‘प्यासी’ नावाचं गाणं आहे. त्यात कावेरी नदी स्वतः बोलते, आपली व्यथा सांगते. कर्नाटक आणि तामिळनाडूतला कावेरीचा तंटा जुना. १९९० साली लवाद नेमला, २००७ साली त्याचा अंतिम निवाडा आला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरबदल केला. कृष्णेचे आणि म्हादईचे लवाद पाहिलेल्या आपल्याला हे नवं नाही.

कावेरीच्या या पाण्यात कबिनीचं पाणी आहे. सरगूरच्या वरच्या अंगाला, बीचनहळ्ळीजवळ, कबिनीवर धरण आहे. ते १९७४ साली पुरं झालं. जलाशयात गावं आणि जंगल बुडालं. जवळच्या बंडीपूरला १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत जागा मिळाली. वाघासाठी आणि पाण्यासाठी जी माणसं जागची हलली, त्यात जेनु कुरुब होते. जेनु म्हणजे मध. मध गोळा करणारी, जंगलात पिढ्या काढलेली ही जमात. आणि सप्टेंबर २००२ मध्ये याच धरणावर तामिळनाडूला पाणी सोडण्याविरुद्ध आंदोलन चाललं असताना एका शेतकऱ्याने जलाशयात उडी घेतली, त्यात त्याचा जीव गेला.

‘प्यासी’ हे गाणं हिंदीत आहे. कावेरीच्या दोन्ही काठांवरची भाषा हिंदी नाही. मग कन्नड बँडची कावेरी हिंदीत का बोलते? मला वाटतं, याचं उत्तर पोशिंद्यात आहे. देशभरची स्पर्धा, देशभरचे महोत्सव, शहरांतली महाविद्यालयं. तिथे ऐकणारा हिंदी समजतो. या भाषेमुळे कावेरीचं दुःख पुण्याच्या आणि दिल्लीच्या पोरांपर्यंत पोचलं, आणि ही कमाई लहान नाही. पण ज्याच्या शेताचं पाणी सुटत होतं, त्याच्या भाषेत ते नव्हतं. पोशिंदा खूण ठेवून जातो असं मी सुरुवातीला म्हटलं, ते हेच.

नाव कुणाचं लागतं

शेवटचा मुद्दा हक्काचा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, नंतर ती रचना सगळ्यांची. शरीफ १८८९ साली गेले, त्यामुळे त्यांची पदं कुणीही गावीत. महादेश्वराच्या गाण्यांना तर एक लेखकच नाही. जुन्या पदाला नवी चाल किंवा नवा वाद्यमेळ दिला, तर त्या नव्या कामावर मात्र हक्क लागतो. म्हणजे कायद्याच्या लेखी गिटारवाल्याचं काम दिसतं. ते पद शंभर वर्षं तोंडात जपणाऱ्यांचं काम दिसत नाही.

महादेश्वराचं ‘कोलुमंडे’ हे गाणं याचा नमुना आहे. कंसाळेवाले ते पिढ्यान् पिढ्या गातात. १९९६ साली नागाभरण यांच्याच ‘जनुमद जोडी’ चित्रपटात ते आलं, एल. एन. शास्त्री यांनी गायलं आणि कर्नाटकभर गाजलं. २०२० साली एका लोकप्रिय रॅप गायकाने त्याचं नवं रूप व्हिडिओसह काढलं. कथेतल्या संकम्माचं चित्रण पाहून भक्त संतापले. गायकाने माफी मागितली आणि व्हिडिओ काढून घेतला. कायद्याने गाणं सगळ्यांचं होतं, पण गावाने सांगितलं की ते आमचं आहे. दोन करार समोरासमोर आले, आणि त्या दिवशी जुना करार जड ठरला.

यावरून लोकगीताला हात लावूच नये असा अर्थ मी काढत नाही. हात लावला नसता तर तुम्हीआम्ही शरीफांचं नावही ऐकलं नसतं. दीक्षित बंधूंच्या कारकिर्दीने एक गोष्ट सिद्ध केली, की म्हैसूरच्या दोन पोरांना स्वतःच्या भाषेत, घुंगरू बांधून, चित्रपटाच्या आधाराशिवाय जगासमोर उभं राहता येतं. त्यांच्यानंतर आलेल्या कितीतरी बँडना ती वाट तयार मिळाली. मात्र या सगळ्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर नवा पोशिंदा मिळाला तो मंचावरच्या गायकाला. झोळीवाल्याचा जुना पोशिंदा, म्हणजे गाव, रिकामं होत गेलं, आणि त्याच्या वाट्याला नवा आला नाही.

म्हणून एक साधी सवय लावून घ्या. एखाद्या बँडचं लोकगीत आवडलं की त्याखालची नावं वाचा. ‘पारंपरिक’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर विचारा, कुठल्या परंपरेचं, कुठल्या गावचं, कुणाकडून शिकलात? कंसाळेवाल्यांकडून की नीलगारांकडून, गोंधळ्यांकडून की वाघ्या-मुरळीकडून? बँडवाल्यांनाही हा प्रश्न आवडतो, कारण चांगला गायक आपला गुरू लपवत नाही. आणि ऐकणारे विचारू लागले की छापणारे लिहू लागतात. नावाबरोबर कधी तरी मानधनही पोचेल.

आज इथेच थांबू. तुमच्या गावाकडचं एखादं गाणं असं शहरात जाऊन मोठं झालं असेल, तर ते मूळ कोण गायचं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. पुढच्या भागात भेटू.